अर्ध्या इंचाचा मोठेपणा

माझ्या सासुरवाडीत सगळ्यांची चाकं माझ्यापेक्षा मोठी आहेत. सासऱ्यांची सायकल जुन्या वळणाची, 28 इंची. सासवडात सकाळी दूध आणायला ते अजून तीच काढतात. मेव्हण्याकडे पुढचं चाक 12 इंची असलेली नवी अ‍ॅक्टिव्हा. आणि साडूंकडे एप्रिलिया एसआर 150. नाव इटलीचं, जन्म आपल्या बारामतीचा, चाकं 14 इंची, आणि टायर असे रुंद की गाडी नुसती उभी असली तरी आत्ताच कुणाला तरी मागे टाकून आली आहे असं वाटावं. या मंडळींत मी जातो तो वडिलांच्या बजाज सुपरवर. तिची चाकं 8 इंची.

आता 8 इंच ही नुसती रिम. टायरवर 3.50-8 असं छापलेलं असतं, म्हणजे वर साडेतीन, खाली साडेतीन आणि मध्ये आठ; पुरतं चाक 15 इंचांचं भरतं. पण एवढं सांगून होईपर्यंत समोरचा माणूस चकलीकडे वळलेला असतो.

गेल्या दिवाळीत साडूंनी सुपरभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "साडूभाऊ, गाडी ठेवलीय मात्र छान. फक्त चाकं अजून वाढीला लागलेली दिसत नाहीत."

मेव्हणी हसली, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सौभाग्यवती हसली नाही, पण तिने हसू आवरलेलं मला दिसलं, आणि ते जास्त लागलं.

मी इतिहासाचा आधार घेतला. व्हेस्पाचा नकाशा काढणारे कोर्रादिनो दास्कानियो हे विमानविद्येचे इंजिनिअर, 1930 साली स्वतःचं हेलिकॉप्टर उडवून दाखवलेले. त्यांना मोटरसायकल मुळीच आवडत नसे: साखळीच्या वंगणाने कपडे खराब, बसायचं टांग टाकून, आणि पंक्चर झालं की चाक काढता काढता जीव जायचा. म्हणून 1946 साली त्यांनी इंजिन नेऊन मागच्या चाकापाशी बसवलं, पाय ठेवायला सपाट जागा केली, आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. नट काढले की चाक हातात. चाकं लहान ठेवली म्हणून सीट खाली आली, इंजिनाला जागा झाली, वर स्टेपनीही मावली. आपल्याकडच्या बजाज स्कूटरी या त्याच वंशातल्या. "तेव्हा लहान चाक हा कमीपणा नाही, हा विचार आहे," मी समारोप केला.

"मग त्यांच्याकडे खड्डे नव्हते का?" साडूंनी विचारलं.

नव्हते कसे? महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं आणि निम्म्या इटलीचे रस्ते बॉम्बने उखडलेले होते. पण हे सांगितलं असतं तर माझाच मुद्दा पडला असता. मी चकली घेतली.

घरी आल्यावर मात्र मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. भूमितीत मी शाळेत कधी चमकलो नव्हतो. पण अपमान झालेल्या माणसाला पायथागोरस लवकर समजतो. एक फूट रुंद, सरळ काठाचा खड्डा घ्या. त्यावरून 15 इंची चाक जातं तेव्हा ते दोन्ही काठांवर टेकून मधोमध खाली लोंबतं. त्रिज्या साडेसात, खड्ड्याची अर्धी रुंदी सहा, तिसरी बाजू बरोब्बर साडेचार. शाळेतला 3-4-5 चा त्रिकोण! म्हणजे चाक पूर्ण 3 इंच खाली जातं. तोच खड्डा साडूंच्या चाकाला दोन इंचांच्या आत पडतो, आणि सासऱ्यांच्या सायकलला दीडच्याही आत. नुसती खोली असती तरी मी सोसलं असतं. पण पलीकडचा काठ माझ्या चाकाला उभ्या रेषेपासून 53 अंशांवर लागतो, म्हणजे तो धक्का मला वर उचलण्यापेक्षा मागेच जास्त ढकलतो. सासऱ्यांना तोच काठ 25 अंशांवर लागतो. पंचाहत्तरी उलटलेला माणूस दुधाची किटली एका हातात धरून जो खड्डा सहज ओलांडतो, त्यात माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर का येतो, याचं गणिती उत्तर माझ्यापुढे पडलं होतं.

आता उपाय. 10 इंची रिम लावायची तर ड्रमपासून सगळंच बदलायला हवं, आणि वडिलांची गाडी तेवढी खोलायला माझं मन होईना. पण 8 इंची रिमवर बसणारा आणखी एक टायर आपल्या रस्त्यांवर रात्रंदिवस फिरतो. 4.00-8. रिक्षाचा! वर चार, खाली चार, मध्ये आठ: 16 इंच. व्यास एका इंचाने वाढणार, गाडी अर्ध्या इंचाने उंच होणार. शोध लागल्याच्या आनंदात मी रात्री दीड वाजता सौ.ला उठवलं. "रिक्षाचा टायर?" एवढंच म्हणून ती कुशीवर वळली.

नाना पेठेतल्या टायरवाल्याने आधी माझ्या मागे वाकून पाहिलं. "रिक्षा कुठंय?"

"स्कूटरला हवेत. दोन."

त्याने सुपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसंल," तो म्हणाला. "पण घासंल."

यातला पहिला शब्द मी ऐकला.

बसवण्याचे पैसे वाचवावेत म्हणून काम घरी पार्किंगमध्ये काढलं. शेजारचे दोघे-तिघे जमले तसं मी त्यांना दास्कानियो सांगायला सुरुवात केली. स्कूटरच्या चाकावर दोन प्रकारचे नट असतात. काही नट चाकाला ड्रमशी धरतात. बाकीचे रिमच्या दोन अर्ध्या वाट्या एकमेकींना धरतात. चाक मी ऐटीत काढलं, मांडीशी घेतलं आणि वाट्यांच्या पहिल्या नटावर पाना चढवला. तेवढ्यात मागून आमचा वॉचमन म्हणाला, "साहेब, हवा सोडली का?"

हवा सोडलेली नव्हती. तो नट आणि त्याचे भाऊबंद तसेच सैल केले असते तर रिमच्या दोन वाट्यांनी दोन दिशांना झेप घेतली असती, आणि त्यातली एक दिशा माझी होती. वॉचमन पूर्वी गॅरेजात होता. त्याने शांतपणे माझ्या हातून पाना घेतला, वॉल्व्हची सुई काढली, आणि हवा निघून जाण्याचा तो सूं आवाज शेजाऱ्यांसह मी उभ्याने ऐकला. तरीही पुढचं चाक माझं मीच जोडणार असा हट्ट धरला, तेव्हा ट्यूब दोन वाट्यांच्या फटीत चिमटली आणि हवा भरताच तिने दम सोडला. दुसरी ट्यूब वॉचमनने घातली. मी पाना धरला.

गाडी उभी राहिली ती दिसायला खरोखर रुबाबदार. फक्त ती स्टँडवर धड उभी राहीना. गाडी अर्धा इंच वर गेली, स्टँड होता तेवढाच राहिला. पूर्वी मागचं चाक हवेत अधांतरी राहायचं ते आता जमिनीला लागायचं आणि गाडी जराशा धक्क्याने पुढे चालू लागायची. मी कॅरिअरला एक वीट बांधली. जिथे जाईन तिथे आधी वीट काढायची, चाकाखाली लावायची, मग आत जायचं. ऑफिसात शिपाई एकदा म्हणाला, "साहेब, बांधकाम काढलंय का?"

खड्ड्यांचं म्हणाल, तर ते 3 इंचांवरून 2.7 वर आले. पायथागोरस खोटं बोलत नाही. पण रिक्षाचा टायर तीन माणसं आणि त्यांचं सामान वाहायला बनवलेला, त्याच्या भिंती राठ. पूर्वीचा टायर निम्मा धक्का स्वतः खायचा. हा आलेला धक्का प्रामाणिकपणे वर पोचवी. सात-साडेसात मिलिमीटर खोली कमी झाली आणि कंबर गेली. वळणावर तर गाडी आधी विचार करायची. लहान चाकाच्या स्कूटरचं एक सुख असतं, नुसतं मनात आणलं की ती वळते. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या आधीच्या गर्दीत हे सुख कळतं. नव्या जड टायरांना मात्र मनातलं कळत नव्हतं, हँडलला सांगावं लागायचं.

आणि मग सौ.ची पेट्रोलची वही. हिशोब ती ठेवते. "अहो, अ‍ॅव्हरेज पडलंय," ती म्हणाली. "40 देत होती, आता 37-38 वर आलीय."

हे कोडं मला उलगडलं तेव्हा मी एकटाच हसलो. स्कूटरचा मीटर पुढच्या चाकावर चालतो. तो किलोमीटर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो, आणि आपलं चाक 15 इंचीच आहे अशी त्याची समजूत असते. चाक मोठं, फेरे कमी. गाडी 16 किलोमीटर गेली की तो 15 लिहितो. अ‍ॅव्हरेज पडलंच नव्हतं, नुसतं दिसत नव्हतं. हे तिला समजावलं असतं तर वेगाचा काटाही खोटा बोलतोय हे सांगावं लागलं असतं, आणि "40 च्या वर जाणार नाही" या बोलीवर ती माझ्या मागे बसते. तेव्हा मी कार्ब्युरेटरला दोष दिला.

सीताफळांच्या दिवसांत सासवडचं बोलावणं आलं. साडू आणि आम्ही एकाच सोसायटीत राहतो. ते त्यांच्या गाडीवर पुढे, आम्ही मागे. हडपसर सुटेपर्यंत ठीक होतं. दोघं बसल्यावर मागचं चाक प्रत्येक उंचवट्याला पत्र्याला घासत होतं. "काहीतरी जळतंय," सौ. म्हणाली. "शेतात पाचट पेटवलं असेल," मी म्हणालो. फुरसुंगीपर्यंत दोन्ही बाजूंना फक्त गोदामं होती.

दिवे घाटात खरी गंमत. मागचं चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर लांब होतो, आणि सपाटीवर जे जाणवत नाही ते चढावर पाठीवर येऊन बसतं. जिथे सुपर वडिलांना दुसऱ्यावर चढवायची, तिथे मला पहिला टाकावा लागला, आणि एका वळणावर पहिलाही हरला. सौ. उतरली. खाली मस्तानी तलाव फार सुंदर दिसत होता. "तू बघ," मी म्हणालो, "मी वर थांबतो." तिने पाहिला नाही. मला पाहिलं. मग पदर खोचून चालू लागली, आणि खरं सांगायचं तर वळणापर्यंत तीच पुढे होती.

सासवडला पोचलो तेव्हा साडूंचं पिठलं-भाकरी संपत आलं होतं. मी वीट लावून आत गेलो. सासरे निवृत्त तलाठी. अंतर, क्षेत्र आणि हद्द याखेरीज त्यांना दुसरं कुतूहल नाही. त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "किती पडलं?"

"32," साडू म्हणाले. "दारातून दारात."

"जावईबापू, तुमचं?"

मी निघताना आकडा पाहून ठेवला होता आणि बेसावधपणे खरं बोललो. "30."

ओटीवर शांतता पसरली. सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "एकाच घरून निघालात ना? दोन किलोमीटर वाचवलेत? रस्ता कुठला धरलात?" इतक्या वर्षांत ते माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहत होते. सौ.ने तोंड उघडलं. मी तिच्या ताटलीत आणखी एक सीताफळ ठेवलं.

"आहे एक," मी म्हणालो. "आतून."

परतताना साडूंनी एप्रिलिया माझ्या मागे ठेवली. "आज तुमचा शॉर्टकट बघायचाच." घाट उतरल्यावर मी दिसेल त्या पहिल्या कच्च्या रस्त्याला वळलो. ऊस, कालवा, कुणाची तरी विहीर, परत ऊस. कुत्री मागे लागली, एका गोठ्यातून वाट काढावी लागली. साडूंची गाडी ढेकळांवरून निवांत येत होती. मी प्रत्येक ढेकळाचा हिशोब मणक्यात घेत होतो. "आपण कुठे चाललोय?" सौ.ने कानात विचारलं. "घरी," मी म्हणालो. तेवढंच खात्रीने सांगता येत होतं.

पोचलो तेव्हा सोसायटीत दिवे लागले होते. साडूंनी हेल्मेट काढलं, वाकून आधी स्वतःच्या मीटरकडे पाहिलं, मग माझ्या.

"36 पडले," ते म्हणाले. "जाताना 32 होते." मग बराच वेळ माझ्या काट्याकडे पाहत राहिले. "तुमचे जेमतेम 34 कसे? मी तर पूर्ण रस्ता तुमच्या मागेच होतो."

मी खाली वाकून चाकाला वीट लावली.

"सवय लागते हो," मी म्हणालो.