टकटक नाना

आमच्या वाड्यात पहिला फोन आला तो घरमालकांकडे, आणि दुसऱ्या दिवशी त्या फोनच्या डायलला कुलूप आलं. डायलच्या एका भोकात अडकवलेलं, बोटाच्या पेराएवढं. किल्ली मालकांच्या जानव्याला.

नाना एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. त्यांनी त्या कुलपाकडे अशा करुणेनं पाहिलं, जसं पैलवान शेजारच्या पोराच्या दंडाकडे पाहतो. "चकतीला लावलंय हो. तारेला कुठे लावलंय?"

मग रिसीव्हर कानाला लावून त्यांनी ज्यावर तो ठेवतात त्या बटणांवर टकटक सुरू केली. चाराला चार, नवाला नऊ, शून्याला दहा. आकडा संपला की तबलजीसारखे क्षणभर थांबायचे, नाहीतर दोन आकडे एकात मिसळतात. नंबर लागला! मालकांच्या तोंडचं पान तसंच राहिलं. बोलून झाल्यावर नानांनी फोनशेजारी नाणं ठेवलं. फुकट्या म्हणवून घेणं त्यांना मंजूर नव्हतं.

"डायल तरी काय करतो? रिसीव्हर उचलला की लूप पुरा होतो, करंट वाहतो, एक्स्चेंज जागं होतं. मग डायल ते सर्किट तोडतो, सेकंदाला दहा वेळा. तिकडे आमची यंत्रं त्या तुटी मोजायची." इथे नानांचा गळा भरून यायचा. "दोन तारा! त्यांवरूनच ४८ व्होल्ट, त्यांवरूनच घंटा, त्यांवरूनच नंबर आणि त्यांवरूनच तुमच्या आत्याच्या गुडघेदुखीची चौकशी. कुणी कुणाच्या पायात पाय घालत नाही. इथे एका नळावर चार बिऱ्हाडं नांदत नाहीत!"

घंटेबद्दल मात्र ते जपून बोलत. तरुणपणी खांबावर चढून दातांनी तार सोलत असताना त्याच नंबरवर कुणाचा तरी फोन आला. घंटेचे ७५ व्होल्ट. "उचलला मीच म्हणायचा," एवढंच सांगायचे.

पुढे बटणांचे फोन आले. नव्या एक्स्चेंजलाही टकटक कळायची, पण भाचा म्हणाला, "नाना, आता सूर लागतात." झालं. पाचाचं बटण म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम. गळ्यातून एका वेळी एकच निघणार, म्हणून नानांनी नानींची पेटी काढली. एक पट्टी उजवीकडची, एक पार उजव्या टोकाची. मी रिसीव्हर भात्याशी धरून उभा.

नानांनी पाच वाजवला. पलीकडे डायल टोन तसाच घूं करत राहिला. त्यांनी पट्ट्या बदलल्या, भाता जोरात हलवला. नानी आतून म्हणाल्या, "कोणाचं बारसं आहे?" हे सूर मुद्दाम असे निवडलेत की बोलण्याला किंवा वाद्याला एक्स्चेंज सहसा फसू नये, शिवाय पेटीचा प्रत्येक स्वर आपल्या मागे स्वरांचं अख्खं वऱ्हाड घेऊन येतो. हे नानांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण पेटी हातात होती.

शेवटी एक्स्चेंज कंटाळलं आणि त्यानं एंगेज टोन दिला.

नानांनी भाता बंद केला. "मशीनला कान नाही," म्हणाले, आणि रिसीव्हर माझ्या हातून घेऊन खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि टकटक सुरू केली. पेटी लावणाऱ्याला बोलवायचं होतं.