रोख असेल त्यालाच स्वस्त

बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीचा किराणावाला लुटतो, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मार्टात तेलाचा तोच पुडा आठ-दहा रुपयांनी कमी, मग हा छापील किमतीला का विकतो? सवाल रास्त आहे, आरोप नाही.

डीमार्टचं गणित बघा. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलं, तेव्हापासून संस्थापक राधाकिशन दमाणींनी दोन गोष्टी धरून ठेवल्या: जागा शक्यतो स्वतःची आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते. भाडं वाचलं, लवकर पैसे दिल्यामुळे खरेदीत सूट मिळाली, तिचा वाटा गिऱ्हाइकाला दिला. गिऱ्हाईकही पैसे मोजूनच पिशवी उचलतं. धंदा चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आता तिरोडीत या. एका अंगाला मॉयल कंपनीची मँगनीज खाण, दुसऱ्या अंगाला धानाची शेती. ठेकेदाराकडच्या मजुराची मजुरी लांबते, विकलेल्या धानाचे पैसे खात्यात कधी पडतील याचा नेम नसतो. चहापत्ती मात्र रोज लागते. पोरगं पिशवी घेऊन येतं, "बाबांच्या नावावर मांडा" म्हणतं, आणि दुकानदार लाल वहीत पावशेर साखर, एक साबण, मिठाचा पुडा मांडून घेतो. व्याज नाही, तारण नाही, सही नाही. कुठली बँक पावशेर साखरेला कर्ज देते? त्याचा पैसा त्या वहीत अडकलेला, आणि मार्टाशी बरोबरी करा म्हणून आपण त्याच्या मानेवर बसतो!

त्यात कंपन्यांचा दुजाभाव. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल विकणं थांबवलं होतं. कारण साधं होतं: मोठ्या घाऊक साखळ्यांना आणि ऑनलाइन कंपन्यांना जो भाव मिळतो, तो आम्हाला का नाही? या सवालाचं सरळ उत्तर किराणावाल्याला आजही हवं आहे.

शिवाय मार्टातलं सगळंच स्वस्त नसतं. शॅम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरमागे कित्येकदा मार्टातल्या मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. "इतके टक्के सूट" हा फलक छापील किमतीवरची सूट सांगतो, आणि छापील किंमत कंपनीच ठरवते. म्हणून पाकिटावरची ग्रॅममागची किंमत वाचा. दोन-तीन वर्षांपासून ती छापणं बहुतेक पाकिटांना सक्तीचं आहे, पण अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही शोधावी लागते. ती मोठ्या ठशात, फळीवरच लावायची सक्ती सरकारनं करावी.

पगार झाला की तुमसरला किंवा बालाघाटला जाऊन महिन्याचं सामान भरणाऱ्यांनी खुशाल भरावं. फक्त निघण्याआधी गल्लीतल्या दुकानाची उधारी चुकती करावी. पैसे हाती आले की मार्ट आणि खिसा रिकामा झाला की किराणा, हा व्यवहार मला मंजूर नाही.