मैफलीत जाणकार ठरण्याची रीत

गाणे समजण्यास पंधरा-वीस वर्षे आणि एक तापट गुरू लागतो. परंतु गाणे समजणाऱ्यांत आपली गणना व्हावी यासाठी एक संध्याकाळ, एक घडीचे उपरणे आणि पुढील मजकूर एवढे भांडवल पुरते, आणि ज्या अर्थी कोणत्याही बैठकीत पहिल्या वर्गाचे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके व दुसऱ्या वर्गाचे सतरंजीभर असतात, त्या अर्थी सदरहू मार्गदर्शनाची निकड स्वयंसिद्ध आहे.

आसन तबलजीच्या बाजूस घ्यावे. कारण पुढे कळेलच. तंबोरे जुळत असताना इतर मंडळी खोकतात आणि सुपारी कातरतात, आपण मात्र त्याच वेळी डोळे मिटावेत व शेजाऱ्यास हलकेच विचारावे, “काळी एक ना?” ज्या पेटीस, तिचे बांधीव सूर आपल्या रागांना जुळत नाहीत म्हणून, ऑल इंडिया रेडिओने 1940 साली दाराबाहेर काढले, तिच्याच पट्ट्यांच्या नावाने आपले गवय्ये आजही आपला षड्ज सांगतात, ही मौज मनातल्या मनातच ठेवावी.

स्वरांची व्यवस्था जुन्या मामलेदार कचेरीसारखी आहे. षड्ज आणि पंचम हे वतनदार. त्यांची जागा हलत नाही. रिषभ, गंधार, धैवत व निषाद यांस खाली उतरून कोमल होण्याची मुभा आहे, आणि मध्यमास तेवढी वर चढून तीव्र होण्याची. सात मूळचे व पाच हे, मिळून बारा. वादात हार होऊ लागल्यास बावीस श्रुतींचा उल्लेख करावा. त्यावर सहसा कोणी बोलत नाही.

आता थाट. पं. विष्णु नारायण भातखंडे हे मूळचे वकील, आणि रागांच्या अफाट पसाऱ्याची त्यांनी दहा थाटांत जी वाटणी केली तीत वकिलाची शिस्त स्वच्छ दिसते. तरीही जाणकाराने एक दाखला तोंडपाठ ठेवावा. भूप आणि देशकार या दोहोंचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. असे असता भूप कल्याण थाटाच्या दप्तरी आणि देशकार बिलावल थाटाच्या. कल्याण व बिलावल यांत भेद काय, तर केवळ मध्यमाचा, एकात तीव्र व दुसऱ्यात शुद्ध. आणि मध्यम तर या दोन्ही रागांत मुळी वर्ज्यच! म्हणजे ज्या शेतावरून हद्दीचा निवाडा व्हावयाचा, ते शेतच दोघांच्या सातबाऱ्यावर नाही. परंतु हसण्यापूर्वी दोन्ही राग ऐकावेत, कारण भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर उभा राहतो, आणि निवाडा स्वरांच्या यादीवरून नव्हे, त्या चालीवरून झालेला आहे. नवशिक्यासाठी सुलभ तोड अशी की घड्याळ पाहावे: सकाळ असेल तर देशकार, रात्रीचा पहिला प्रहर असेल तर भूप. रात्री गवई धैवतावर अंमळ अधिक रेंगाळला, तर “देशकाराची छाया पडली हो,” असे खेदाने म्हणावे. हे वाक्य कधी कधी खरेही असते.

खरी कसोटी समेवर आहे. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांस कधी कधी मिनिटभर लागते, आणि एवढ्या अवधीत मान नेमकी कोठे हलवावी हे न कळल्याने कित्येक प्रतिष्ठितांची अब्रू गेली आहे. यावर तजवीज अशी की ठेक्यातील ‘तिरकिट’ची वाट पाहावी; तो वाजला की दोन मात्रा सोडून मान टाकावी. मात्र तिरकिट दोन आहेत, एक चौथ्या मात्रेवर आणि एक दहाव्या. पहिल्यामागून ‘तू ना’ येते व डग्गा मुका राहतो. दुसऱ्यामागून ‘धी ना’ येते, डग्गा घुमतो, आणि मग सम. हा खुलासा मला वेळेवर मिळाला नव्हता. एका बैठकीत पहिल्या तिरकिटानंतर दोन मात्रा मोजून मी सातवीवर, मोठ्या आवाजात, “वाहवा!” म्हणून मान डोलावली, तेव्हा शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून अत्यंत मायेने सांगितले, “अजून अर्धे आवर्तन आहे. पाणी पिऊन या.”