शून्य कमिशनचा काटा

बारामती-इंदापूर पट्ट्यातला ऊसवाला हिशेबाला कच्चा आहे, असं म्हणायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. माळेगाव साखर कारखान्यानं किती भाव दिला, सोमेश्वरनं किती दिला, भवानीनगरच्या छत्रपतीनं हात का आखडला, यावर व्हॉट्सअॅपच्या गटात रात्री अकरापर्यंत खल चालतो. टनामागं वीस रुपये कमी पडले की वार्षिक सभेत माईकची ओढाओढ होते. कारखान्याच्या काट्यावर भरवसा नसला तर गाडी आधी बाहेरच्या वजनकाट्यावर चढवायची, पावती खिशात घालायची आणि मगच गेटातून आत शिरायचं, अशी ही जात.

हाच गडी नेदरलँड्सच्या अभ्यासदौऱ्याला निघतो. पहाटे तीनला मुंबई विमानतळावर काचेच्या खिडकीपुढं उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, एक हजार युरो द्या." भाव विचारत नाही. खिडकीवर पाटी असते 'शून्य कमिशन'. ती वाचून उलट खूश होतो.

बाकी कुणी फसलं तर समजू शकतो. २०१६ साली फळं-भाज्यांवरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, तेव्हा इथल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया काय होती? "अडत काढली, म्हणजे आता भाव पाडून घेणार." न शिकवता कळलं होतं. विमानतळावर पोचेपर्यंत ते कुठं जातं, देव जाणे.

आकड्यात बघू. सोयीसाठी युरोचा बाजारातला मधला भाव १०० रुपये धरा. खिडकी तुम्हाला युरो विकणार १०४ ला. हजार युरोमागं चार हजार गेले. सहल संपल्यावर २०० युरो उरले, ते त्याच खिडकीत परत दिले तर ती घेणार ९६ नं. आणखी आठशे गेले. कमिशन मात्र खरोखरच शून्य. आपले ऊसवाले बापू पावती उलटसुलट करून बघतात आणि त्यातला जीएसटीचा आकडा दिसला की भडकतात: "हे १८४ रुपये कसले?" तेवढ्यावरून वाद घालतात. हा कर लाखाच्या व्यवहाराला १८० रुपयांच्या घरात बसतो, सरकारनं ठरवलेला आहे, कुठंही गेलात तरी तेवढाच. पावतीवर उघड लिहिलेला खर्च सगळ्यात किरकोळ असतो. चार हजार कुठल्याच रकान्यात नसतात.

बाहेरच्या काट्याची पावती इथंही मिळते. मोबाइलवर त्या दिवशीचा मधला भाव बघायचा आणि खिडकीचा भाव त्याच्या शेजारी ठेवायचा. एवढंच. पण ते निघायच्या चार दिवस आधी करायचं. पहाटे तीनला, मागं पंधरा माणसांची रांग आणि पुढं विमान, अशा वेळी घासाघीस होत नसते. खिडकीवाल्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तर तो तिथं भाडं भरून बसलाय.

गंमत अशी की हे पंधरा जण एकाच गाडीतून आलेले असतात. द्राक्षाची औषधं एकत्र घेऊन दुकानदाराला घाम फोडणारी मंडळी. पण पंधरा हजार युरोची एकत्र मागणी घेऊन पुण्यातल्या दोन-तीन परवानाधारक मनीचेंजरांना फोन करायचं कुणाला सुचत नाही. भाव तिथं हमखास तुटतो. मागायला मात्र लागतं. फक्त पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारत नाहीत, पैसे बँकेतून द्यावे लागतात. आणि "आमच्या पाहुण्याकडं डॉलर पडून आहेत, घरच्या भावात देतो" असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघा. अधिकृत मनीचेंजर किंवा बँक सोडून परकीय चलन विकत घेणं फेमा कायद्यात बसत नाही, पाहुणा कितीही जवळचा असला तरी.

आता दुसरा काटा. हा जास्त सफाईदार आहे.

अॅमस्टरडॅममधलं दुकान. घरच्यांसाठी चॉकलेट घेतलं, कार्ड मशीनला लावलं. पडद्यावर प्रश्न येतो: पैसे युरोत कापू की रुपयांत? रुपयाचं चिन्ह दिसल्याबरोबर परमुलखात गाववाला भेटल्यासारखं वाटतं. रक्कमही समजते. बोट आपसूक रुपयांवर जातं. झालं! त्या क्षणी भाव ठरवायचा हक्क तुम्ही दुकानदाराच्या यंत्राला बहाल केला. हा भाव बाजारापेक्षा पाच-सात टक्क्यांनी महाग असणं नवलाचं नाही. वर अनेक बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावरही आपलं शुल्क लावतातच. तेव्हा परदेशातल्या मशीननं, एटीएमनं, हॉटेलच्या काउंटरनं कितीही प्रेमानं विचारलं तरी उत्तर एकच: तिथलंच चलन.

तरी साधं क्रेडिट कार्ड स्वस्त पडतं असं नाही. पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. दहा हजारांच्या खरेदीला ४१३ रुपये. मार्कअप नसलेली कार्डं मिळतात, फॉरेक्स कार्डही मिळतं. त्यात ज्या देशाला निघालात तिथलंच चलन भरा. डॉलर भरलेलं कार्ड युरोत वापरलं की पुन्हा कात्री.

नेपाळच्या यात्रेला जाणाऱ्यांचं त्या मानानं सोपं आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, भाव बांधलेला. काठमांडूत कुणी दीडशे पुढं केले तर तो भाव नसतो, अंदाज घेणं असतं.

आपल्या ऊसपट्ट्यापुरती एक गोष्ट मात्र फारच तिरकी आहे. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो पैसा तुमचाच, आयकर रिटर्न भरलं की कर वजा जाऊन परत मिळतो. पण बागायतदार छाती फुगवून सांगतो, "आमचं उत्पन्न करमुक्त, आम्ही रिटर्न भरतच नाही." मग ते हजारो रुपये दिल्लीत सुखानं राहतात. राज्य सरकार अभ्यासदौऱ्याला अनुदान देतं म्हणून योजनेच्या अर्जाला दहा कागद जोडणारा माणूस स्वतःच्या परताव्यासाठी एक फॉर्म भरत नाही. याला काय म्हणावं?

तर पुढच्या दौऱ्याच्या आधी फोन लावाल तेव्हा "कमिशन किती?" हे विचारूच नका. विचारा, "हजार युरो हातात पडायला सगळं धरून एकूण किती रुपये?" तीन ठिकाणी विचारा आणि तिसऱ्याला पहिल्याचा आकडा सांगा. उरलेल्या नोटा परतल्यावर १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा मनीचेंजरकडं देऊन टाका, दोन हजार डॉलरपर्यंतच्या ठेवल्या तरी चालतात. नाणी मात्र इथं सहसा कुणी घेत नाही. ती तिथल्याच विमानतळावर कॉफीत घालवा.