सगळं आपलंच

नाशिकच्या प्रत्येक ढोलपथकात असा एक जण असतोच. दिवसा सातपूरच्या कंपनीत पाळी, संध्याकाळी गोदाकाठी सराव, आणि उरलेल्या वेळात जगातल्या संगीतावर नाशिकचा शिक्का मारत बसायचं.

परवा पथकातल्या एका पोराने त्याला 'हान्बा' ऐकवला. पोलंडमधल्या क्राकूफचा हा बँड पंक वाजवतो, पण इलेक्ट्रिक गिटारीशिवाय. बँजो, अकॉर्डियन, ट्युबा आणि ढोल, बस्स! याने डोळे मिटले, कमरेला नसलेला ढोल बडवला आणि निकाल दिला, "भाऊ, हे तर आपलंच. ट्युबा वरातीतला, बँजो बँजोपार्टीतला!" बँजोपार्टीत वाजतो तो बटणांचा बुलबुलतरंग, पण त्याला कोण सांगणार?

पोराने स्काही समजावला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमैकात जन्मलेली शैली. गिटारीचा ठोका दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो.

"आपला नवा ताशेवाला रोजच फटीत पडतो. आपण त्याला शिव्या घालतो, तिकडे तिकीट लावतात."

मग पोराने सांगितलं, पोलंडच्याच ताट्रा डोंगरातल्या त्रेबुनिये-तुत्की घराण्याने १९९०च्या दशकात जमैकाच्या ट्विंकल ब्रदर्ससोबत धनगरी गाण्यांना रेगेची जोड दिली. "म्हणजे सुरगाण्याचा पावरीवाला डीजेशेजारी बसवला, एवढंच ना?" कम्युनिस्ट राजवटीत पोलंडमधल्या यारोचिनच्या महोत्सवात गाणाऱ्यांना शब्द आधी सेन्सॉरला दाखवावे लागत, हे ऐकून मात्र तो कळवळला. मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात खेटे घालणारा माणूस तो.

सगळं आपलंच असल्याचा पुरावा मागाल तर तोही तयार. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला होते, १९४३ ते १९४८. हे खरंच आहे. "जाताना ठेका घेऊन गेले," ही त्याची भर. वळिवडे कुठे, नाशिक कुठे!

तरी एक कबूल करायला हवं. वायनरीच्या महोत्सवात हातात ग्लास धरून माना डोलावणाऱ्या जाणकारांपेक्षा हा जास्त ऐकतो, अगदी शेवटच्या ठोक्यापर्यंत. गेल्या विसर्जनाला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली आणि याने दुसऱ्या 'हातात', म्हणजे ढोलाच्या ठेक्यात, स्का घुसवला. नाचणाऱ्यांचे पाय अडकले, झांजा आपापल्या वाटेने गेल्या, मागचं पथक पुढच्यावर आदळलं. म्हाताऱ्या आजीबाई तेवढ्या खूश होत्या.

यंदा पथकप्रमुखांनी त्याच्या हाती ध्वज दिला आहे.