फोन जप्त झाला, चावी कुणाकडे?

पोलिसांनी मोबाईल जप्त केला की पंचनाम्यात कंपनी, रंग, आयएमईआय क्रमांक येतो, काचेला गेलेला तडासुद्धा येतो. आतल्या वॉलेटमध्ये किती बिटकॉइन होते, ही ओळ राहून गेली, तर पुढचं सगळं भांडण तोंडी.

मुळात बिटकॉइन फोनमध्ये नसतातच. ते ब्लॉकचेनच्या जाहीर वहीत असतात. फोनमध्ये असते फक्त चावी. वॉलेट उघडताना मिळणाऱ्या १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांतून ती पुन्हा तयार होते. शब्द ज्याच्या हाती, कॉइन त्याच्या हाती. ते कागदावर असतील, तर फोन गेला तरी दुसऱ्या फोनवर वॉलेट उघडता येतं. पण त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनच्या गॅलरीत असेल, तर फोन हाताळणारा कुणीही तिजोरी रिकामी करू शकतो.

पुण्यात असं घडल्याचा आरोप आहे. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक योजनेतल्या फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी २०१८ मध्ये दोन सायबर तज्ज्ञ मदतीला घेतले. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना पोलिसांनी अटक केली. तपासात हाती आलेलं आभासी चलन त्यांनी परस्पर वळवलं, असा आरोप. एकदा लुटल्या गेलेल्या गुंतवणूकदारांचा पैसा पुन्हा लुटला जावा, याची चीड यायलाच हवी.

उपाय अवघड नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. त्याच चित्रीकरणात वॉलेटचा पत्ता आणि शिल्लक दाखवा, पंचनाम्यात उतरवा. बिटकॉइनचा पत्ता माहीत असला की शिल्लक कुणालाही पाहता येते आणि पुढचा प्रत्येक व्यवहार वेळेसकट नोंदला जातो.

वाचकांनो, ते शब्द आजच कागदावर उतरवा. एक प्रत घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. फोटो नको, क्लाउड नको. जप्ती झालीच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या. मात्र कॉइनच गोठवण्याचा आदेश असेल, तर ते हलवू नका, वकील गाठा. नवा गुन्हा अंगावर घेऊ नका.

चावी सांभाळणं नागरिकाचं काम. जप्त केलेल्या चावीचा हिशेब देणं सरकारचं काम, आणि तो लेखी, पंचांच्या सह्यांनिशी, जप्तीच्याच दिवशी मिळाला पाहिजे.