उणे ऐंशीचे अप्पा

यंत्र चुकलं, असं अप्पांनी आजवर एकदाही मान्य केलेलं नाही. यंत्रापर्यंत नळी पोचायच्या आधीच माणसांनी काय घालायचा तो घोळ घातलेला असतो, हा त्यांचा सिद्धांत. वाईट एवढंच, की तो बरोबर आहे. दंडातून रक्त निघाल्यापासून यंत्राच्या सुईखाली जाईपर्यंत जो तास-दीड तास जातो, त्याकडे डॉक्टर बघत नाहीत आणि रुग्णाला तर तो असतो हेच ठाऊक नसतं. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत या बेवारस तासाला अप्पांनी दत्तक घेतलं आहे.

अंगकाठी किरकोळ, चष्मा कपाळावर, कोटाच्या खिशात चार पेनं. त्यातलं एक उणे ८० अंशांवरही अक्षर न सोडणारं. ते कुणालाही मिळत नाही. मुलीच्या लग्नाच्या यादीवर सही करायलासुद्धा त्यांनी व्याह्यांचं पेन मागून घेतलं होतं.

सकाळी साडेसातला लिपिड प्रोफाइलवाल्यांची रांग लागते आणि उलटतपासणी सुरू होते.

"रात्री जेवलात किती वाजता?"

"साडेआठला."

"त्यानंतर?"

"काही नाही. आपलं ते नेहमीचं कपभर दूध."

अप्पा पेन खाली ठेवतात आणि पुढच्या माणसाला बोलावतात.

एका आषाढी एकादशीला एक काकू आल्या. "आज माझा कडकडीत उपास आहे," असं सांगून त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने हात पुढे केला. रक्त अर्धा तास गोठू दिलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. वर पिवळसर, पारदर्शक सीरम दिसायला हवा होता, तो निघाला दुधाळ. अप्पांनी नळी ट्यूबलाइटसमोर धरली. "साबुदाण्याची खिचडी. कूट सढळ."

काकू चपापल्या. "तुपातली," त्यांनी प्रामाणिकपणे भर घातली.

मग अप्पांनी काकूंना समोर बसवून पूर्ण हिशेब समजावला. खाल्लेली चरबी कायलोमायक्रॉनच्या रूपाने रक्तात उतरते आणि ट्रायग्लिसराइडचा आकडा फुगतो. एलडीएल बहुतेक वेळा मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, शिवाय ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. १९७२ सालचं हे फ्रीडेवाल्डचं सूत्र. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की ते हात टेकतं. "म्हणजे तुमची खिचडी एका आकड्यात शिरते आणि वजाबाकीतून दुसऱ्याला बुडवते," अप्पा म्हणाले. काकूंनी द्वादशीला यायचं कबूल केलं. अप्पांनी उपास सोडायच्या आधी यायला बजावलं.

२०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं, की नेहमीच्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड ४४०च्या वर निघालं, तर उपाशीपोटी पुन्हा बघावं. एका तरुण डॉक्टरांनी ही बातमी उत्साहाने तळघरात आणली. अप्पांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत केला आणि म्हणाले, "ठीक आहे. त्यांच्याकडे एकादशी नसते."

त्यांच्या खोलीतली खुर्ची हे वेगळंच प्रकरण. धावतपळत आलेल्या माणसाला त्या खुर्चीत पाच मिनिटं बसल्याशिवाय सुई लागत नाही, कारण उभं राहिलं की रक्तातलं पाणी ऊतींकडे सरकतं आणि कोलेस्टेरॉल उगाच जास्त दिसतं. दंडावरचा पट्टा मिनिटाच्या आत सुटला पाहिजे, तोही त्याच कारणासाठी. कुणी सीरमऐवजी जांभळ्या बुचाच्या ईडीटीएच्या नळीत रक्त घेतलं, की अप्पांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. त्या नळीत पेशींतलं पाणी प्लाझ्मात उतरतं आणि कोलेस्टेरॉल सुमारे ३ टक्के कमी भरतं. "तीन टक्क्यांसाठी लोक वर्षभर पर्वती चढतात, आणि तुम्ही बूच बदलून मोकळे!"

हे झालं रोजच्या तपासण्यांचं. वरच्या मजल्यावर संशोधन विभाग आला आणि अप्पांना नवं कार्यक्षेत्र मिळालं. तिथे एका थेंबातले शेकडो प्रकारचे लिपिड रेणू मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. पहिल्याच दिवशी पीएचडी करणारी एक मुलगी रक्ताच्या नळ्या ट्रेमध्ये तशाच ठेवून चहाला गेली. परत आली तेव्हा ट्रेपाशी अप्पा घड्याळ घेऊन बसले होते.

"अगं, रक्त बाहेर आलं म्हणून त्याचं काम थांबत नाही. आतल्या एन्झाइमना कुणी कळवलं का, की प्रयोग सुरू झालाय? तुझ्या चहाच्या वेळात लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल वाढलं. प्लेटलेट्सनी स्फिंगोसिन-१-फॉस्फेट सोडलं. आता तू यात रोग शोधणार आणि तुला सापडणार चहा."

तेव्हापासून नळ्या बर्फात. रुग्णालयाचं बर्फाचं यंत्र बंद पडलं, तेव्हा अप्पा कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन आले. त्यात पाणी घालायला लावलं, नाहीतर कडेचं रक्त गोठून पेशी फुटतात. वेगळा केलेला प्लाझ्मा लहान लहान कुप्यांत वाटायचा, म्हणजे एकीसाठी सगळा साठा वितळवावा लागत नाही. आणि वितळलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही. क्लोरोफॉर्म काढलं की प्लास्टिकला रजा, नळ्या काचेच्या, नाहीतर प्लास्टिकमधलीच रसायनं आकड्यांत येऊन बसतात. दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मिथेनॉल ही लिपिड वेगळे काढायची १९५७ सालची फोल्चची रीत अप्पा अशी सांगतात, जणू फोल्च त्यांच्याच वाड्यात भाड्याने राहत होता.

पण त्यांचा खरा जीव उणे ८०च्या फ्रीझरमध्ये. एका खोक्यात ८१ घरं, कोणत्या घरात कोण हे त्यांना पाठ. दार उघडून "कुठे बरं ठेवली" असं पुटपुटणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी सर्वांदेखत बाहेर काढलं आहे: आधी नकाशा बघा, मग दार उघडा. घरी मंडळींनी फ्रॉस्ट-फ्री फ्रीज घेतला, तेव्हा ते आठवडाभर अस्वस्थ होते. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःला गरम करतो, हे त्यांना चारित्र्याचा दोष वाटतं.

मे महिन्यात कुणीतरी उणे २०च्या फ्रीझरमध्ये आमरसाचे डबे ठेवले. अप्पा ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबे दारात होते, त्यांवर रीतसर चिठ्ठी: "नमुना: हापूस. रुग्णाचे नाव: नाही. वेळ: नाही. रंग: इक्टेरिक (काविळीसारखा). नाकारला." मालक पुढे आला नाही. रस तळघरातल्या लोकांनी संपवला. अप्पांनी वाटी नाकारली, कारण तो एकदा वितळून पुन्हा गोठवलेला होता.

निवृत्तीच्या आधी सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. अप्पा बारा तास उपाशी राहून आले, खुर्चीत पाच मिनिटं बसले. रक्त घ्यायला तीच चहावाली मुलगी. तिने पट्टा बांधला, आणि पट्टा मिनिटाच्या आत का सोडावा हे अप्पा शेजारच्या शिकाऊ मुलांना समजावू लागले. हात हलत होता, शीर सापडत नव्हती, व्याख्यान रंगत होतं. तिने रक्त घेतलं, घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: "नमुना नाकारला. कारण: पट्टा दीड मिनिट. उद्या पुन्हा."

खोलीत कुणी श्वास घेईना. अप्पांनी वही ओढली, चष्मा खाली घेतला, नोंद दोनदा वाचली. मग खिशातलं ते पेन काढून तिच्या हातात दिलं.

"दीड मिनिट नको. सेकंदांत लिही."